पिकअपच्या हौद्यात चिरे, खडी, लाल माती: नक्की किती भरायचं?

सड्यावरची
नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात सड्याच्या (कातळपठाराच्या) कडेला आमची उताराची जागा आहे. घर उभं राहिलं, आता आवाराचं काम काढलंय. उतारावर तीन टप्पे पाडून जांभ्याच्या चिऱ्यांचे बांध घालायचे आहेत, गेटपासून खळ्यापर्यंत खडी टाकायची आहे, कलमांच्या खड्ड्यांना आणि फुलझाडांना लाल माती नि शेणखत हवंय, आणि परसात शहाबादी फरशीची पायवाट करायची आहे.

गाडी घरचीच आहे. सेकंडहँड बोलेरो पिकअप, १.७ टनवाली. दर खेपेला भाडं मोजण्यापेक्षा आपल्याच गाडीतून हळूहळू माल आणू असा विचार आहे. अडचण अशी की प्रत्येक जण वेगळं सांगतो. चिरेखाणीवरचा माणूस म्हणाला, "ताई, शंभर नग आरामात बसतात." खडीवाला म्हणतो हौदा भरून न्या. गॅरेजमध्ये विचारलं तर म्हणे पाटे बसतील, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या दबतील. घराकडे येणारा शेवटचा तुकडा कच्चा आहे, चांगलाच चढाचा, आणि मिरग लागायच्या आत जड माल आत यायला हवा.

तर कुठला माल किती भरायचा, कसा रचायचा, आणि कशासाठी सरळ डंपर बोलवायचा? अनुभवी लोकांनी लिहा.

कुंडीतली_शेती
आमच्याकडे बाल्कनीत चार कुंड्या आहेत आणि त्यांची माती लिफ्टने येते. तरी धागा वाचणार. लिहा लोकहो.

ओव्हरसियर
सड्यावरची ताई, सगळा गोंधळ होतो तो आपण माल घनफुटात विकत घेतो आणि गाडी किलोत वाहते म्हणून. हौदा किती भरला ते डोळ्यांना दिसतं, पाट्यांना फक्त वजन कळतं. तेव्हा आधी ब्रासचं वजन पाठ करा.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. एवढ्या जागेत खडी मावते सव्वाचार टनांच्या आसपास. वाळू साडेचार टन धरा. लाल माती कोरडी आणि भुसभुशीत असेल तर साडेतीन टनांपर्यंत, पण पाऊस खाल्लेली असेल तर तीच पावणेपाच टनांवर जाते. चांगलं कुजलेलं कोरडं शेणखत दीड ते दोन टन. हे आकडे मालाप्रमाणे थोडे पुढेमागे होतात, पण गाडी भरताना हिशेब चुकू नये इतके पक्के आहेत.

आता टेप घ्या आणि हौदा आतून मोजा. समजा नऊ बाय साडेपाच फूट निघाला. म्हणजे एक फूट उंचीला पन्नास घनफूट, अर्धा ब्रास. अर्धा ब्रास खडी दोन टनांवर जाते, म्हणजे फूटभर खडीतच तुमची गाडी क्षमतेबाहेर गेली. खडीसाठी नऊ इंचांवर खडूने रेघ मारा आणि तिथे थांबा. कोरड्या मातीला अकरा इंच चालतील, ओल्या मातीला आठ. शेणखत मात्र दीड फूट भरलंत तरी हरकत नाही. "हौदा भरून न्या" हा सल्ला फक्त शेणखताला, पातेऱ्याला आणि नारळाच्या सोडणांना लागू.

आणि १.७ टन हा आकडा जाहिरातीतला समजून चाला. तुमच्या गाडीचा खरा आकडा आरसीवर आहे. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, जे उरेल त्यात माल येतो आणि केबिनमधली माणसंही येतात. आधीच्या मालकाने हौद्याला लोखंडी पत्रा किंवा वर सांगाडा मारून घेतला असेल तर त्याचं वजनही त्यातूनच कापा.

चिरेबंदी
मी पंधरा-वीस वर्षं चिऱ्याच्या धंद्यात आहे. साहेबांचं गणित बरोबर असेल, पण आमच्याकडे पिकअपला ऐंशी-शंभर नग रोज जातात. गाड्या काही मोडून पडत नाहीत. पन्नास नग नेऊन परवडणार कोणाला?

ओव्हरसियर
चिरेबंदी, चौदा बाय नऊ बाय सातचा चिरा धरला तर तो अर्धा घनफूट भरतो. जांभ्याचं वजन बघता नगाला २८ ते ३२ किलो. शंभर नग म्हणजे तीन टन. १.७ टनाच्या गाडीत तीन टन. परवडणं तुमचं, पाटे गाडीमालकाचे.

तात्या_गॅरेजवाले
चिरेबंदी भाऊ म्हणतात तशा गाड्या मोडून पडत नाहीत हे खरं आहे, त्या आमच्याकडे येतात. :)

ओव्हरलोड गाडीत एकदम मोठं काही तुटत नाही. आधी पाट्याची कमान जाते, गाडी मागून बसलेली दिसायला लागते. मग मधला बोल्ट किंवा मुख्य पान जातं, तेही खड्ड्यात, भरल्या गाडीत आणि घरापासून लांब. हबचं बेअरिंग आवाज करू लागतं. टायर बाजूच्या भिंतीतून फुगतो. क्लच जळतो, कारण चढाला अर्धा क्लच धरून गाडी ओढली जाते. ड्रायव्हर रोज तीच गाडी चालवतो म्हणून त्याला हळूहळू झालेला फरक कळत नाही.

एक पान वाढवून घ्या असा सल्ला ताईंना कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. जादा पान घातल्याने गाडी बसत नाही एवढंच. ब्रेक, एक्सल, टायर, चॅसी होते तेच राहतात. पाटे कडक झाले की गाडी भरलेली दिसत नाही आणि माणूस आणखी भरतो. शिवाय काही पिकअपना मागच्या एक्सलला जोडलेला एलएसपीव्ही नावाचा ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग किती दबला ते बघून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. पाट्यांशी खेळ केला आणि तो पुन्हा जुळवला नाही तर ब्रेकचा समतोल बिघडतो.

सेकंडहँड गाडी आहे तर पहिल्या खेपेआधी एवढं करा: मागचे ड्रम उघडून लायनर बघा, ब्रेक ऑइल बदला, यू-बोल्ट आवळून घ्या, टायरवरची तारीख वाचा. तारीख चार आकडी असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी छान दिसते म्हणून टायर चांगला असं नाही, जुना टायर भाराखालीच फुटतो. आणि हवा दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेली भरा. भरल्या गाडीला मागे हवा जास्त लागते, रिकामी झाली की परत कमी.

घाटमाथ्याचा_गडी
आमचं काम उलटं. आम्ही शाहूवाडीकडनं शेणखत भरून आंबा घाटानं खाली साखरप्याकडं येतो, आंब्याच्या बागांना. खत हलकं असतंय म्हणून बिनधास्त भरत्यात लोक, वर फळ्या लावून माणूसभर उंच. वजन बसतंय, पण उंची? वळणाला गाडी कशी झुकत्या ते बसल्याशिवाय कळायचं न्हाय. फळकुटाच्या वर एक इंचभी माल नको हा माझा नियम.

घाट उतरायचा तर एकच गोष्ट. जो गिअर चढायला लागला असता तोच गिअर उतरायला टाका, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी टाका. मधेच गिअर बदलायला गेलं आन् पडला न्हाय तर गाडी नुसती पळत्या. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, वेग पाडा, सोडा. जळका वास आला की जागा बघून थांबा, चाकामागं दगड लावा आणि निवांत च्या प्या. गरम ड्रमवर पाणी वतू नका, तडकतंय.

सड्यावरची
किती छान माहिती! ओव्हरसियर काका, आरसी बघितली. सांगाडा खरंच आहे वर, आधीच्या मालकाने भाजीसाठी केलेला. तो काढून ठेवतो आता.

मग चिरे किती? आणि ते रचायचे कसे? आडवे की उभे?

ओव्हरसियर
चिऱ्याचं गणित गमतीशीर जुळतं. चौदा बाय नऊचा चिरा आडवा ठेवला तर पाऊण-एक चौरस फूट जागा घेतो. नऊ बाय साडेपाचच्या हौद्यात असे छप्पन मावतात, एकाच थरात. आणि छप्पन नगांचं वजन होतं सोळाशे ऐंशी किलो. म्हणजे तळ झाकला की गाडी भरली. दुसरा थर नाहीच.

बरोबर गडी असेल तर अठ्ठेचाळीसवर थांबा. ते केबिनच्या भिंतीला टेकवून पुढून रचत या आणि शेवटची ओळ, फाळक्याजवळची (हौद्याच्या मागच्या दाराजवळची), मोकळी सोडा. मागच्या एक्सलच्या मागे गेलेला प्रत्येक किलो पुढची चाकं उचलतो. स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की समजा भार मागे आहे. चढावर ते आणखी वाढतं, कारण चढावर सगळंच मागे झुकतं.

चिरेबंदी
एवढं बोललात तर खाणीवरचं पण ऐका. ताजा कापलेला चिरा ओला नि मऊ असतो. वारा-ऊन लागलं की घट्ट होतो. ओला चिरा वजनालाही जास्त भरतो आणि कडाही सोडतो. ताईंना घाई नसेल तर पंधरवडाभर उघड्यावर वाळलेला माल मागा, खाणीच्या वरच्या अंगाला रचलेला असतो. तोच उचला. हौद्यात तळाला पेंढा किंवा जुनी पोती टाका, नाहीतर पत्रा नि चिरा दोन्ही खरवडतात. बांध घालायचा आहे तर एक नंबरचा चिरा कशाला घेता? मोडका, कडा गेलेला माल स्वस्त मिळतो, गडग्याला उत्तम.

शंभर नगांचं मागे घेत नाही, पण तुमचा रस्ता चढाचा आहे म्हणताय तर पन्नासच न्या.

म्हापशेकर
गोव्यात पण हीच कथा. चिरे भरलेल्या पिकअपवर चार कामगार बसून चाललेत हे दृश्य तर रोजचं. ते मात्र कधीही करू नका. मालाच्या गाडीत हौद्यात माणसं बसवणं बेकायदा आहेच, आणि एक ब्रेक दाबला की तीस-तीस किलोचे दगड त्यांच्या पायावर.

काळा_कोट
कायद्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये आहेत. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही आणि उतरवायचा खर्चही आपलाच. माल हौद्याबाहेर बाजूला, मागे किंवा ठरलेल्या उंचीवर गेला तर त्याचे वेगळे २०,०००. बांबू, पाइप, लोखंडी सळया आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

लायसन्सबद्दल गैरसमज फार आहे. ७,५०० किलोंपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं. पिकअप त्यात बसते. परमिटचा प्रश्न निराळा. एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नसेल तर कलम ६६ मधली सूट मिळते. १.७ टनवाल्या गाडीचं एकूण वजन त्यावर जातं, म्हणून परमिट बघा. गाडी पिवळ्या पाटीची आहे, तेव्हा फिटनेसही बघा. पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

पण ताईंना खरा त्रास आरटीओचा होणार नाही, महसूलचा होईल. जांभा, मुरूम, माती, खडी, वाळू हे सगळं गौण खनिज. रस्त्यावर गाडी अडवली तर वाहतूक पास दाखवावा लागतो. नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि ४८ (८) खाली गाडी अटकवून तहसीलला. "घरच्या कामाला नेतोय" हे उत्तर तिथे चालत नाही. ज्याच्याकडून माल घ्याल त्याच्याकडून पास घ्याच. पासवर गाडी नंबर, माल आणि वेळ असते. सकाळच्या पासवर संध्याकाळची खेप मारू नका.

कुंडीतली_शेती
कोणाला वाटेल ताई सोनं आणतायत.

ऑस्टिनवासी
टेक्ससमधून लिहितोय. इथे घरामागच्या अंगणाचं काम म्हणजे राष्ट्रीय छंद, आणि निम्म्या घरांसमोर पिकअप उभी असते. तरी गणित तेच चुकतं.

इथे ब्रासऐवजी यार्ड. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट, म्हणजे तुमच्या ब्रासमध्ये ३.७ यार्ड. एक यार्ड खडी अडीच हजार पौंडांच्या वर भरते. एफ-१५० सारख्या गाडीची भारक्षमता मॉडेलप्रमाणे दीड ते दोन हजार पौंडांच्या आसपास. म्हणजे भल्यामोठ्या दिसणाऱ्या ट्रकमध्ये एक यार्ड खडीसुद्धा नियमाने बसत नाही. अर्धा यार्ड घ्यायचा, हौद्यात तो इतका केविलवाणा दिसतो की शेजारी विचारतो बाकीचा कुठे सांडला. लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन मात्र दोन यार्ड आरामात येतं.

ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर एक पिवळी-पांढरी पट्टी असते. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको, असं त्यावर त्याच गाडीचं नेमकं वजन छापलेलं असतं. "हाफ टन" हे आता नुसतं नाव आहे, आकडा नाही. तुमच्या १.७ टनाच्या बोलेरोची ओढ बघून इथले लोक चाट पडतील.

ओव्हरसियर
ऑस्टिनवासी, छान तुलना. त्याला जोडून जेसीबीचं सांगतो, कारण खडी क्रशरवर हाताने कोणी भरत नाही.

बॅकहोचं पुढचं मोठं बकेट एक घनमीटरच्या थोडं वर असतं. काठोकाठ खडी म्हणजे दीड टनाच्या पुढे. म्हणजे एक बकेट, तुमची गाडी संपली. ऑपरेटर सवयीने दुसरं बकेट उचलतोच, त्याच्या लेखी पहिल्यात तळ पण झाकला नाही. त्याला आधीच सांगून ठेवा, आणि माल टाकताना बकेट खाली आणून हळू ओतायला लावा. पाच-सहा फुटांवरून दीड टन एकदम सोडला तर पाट्यांना आणि हौद्याच्या तळाला बसणारा दणका उभ्या भारापेक्षा कितीतरी मोठा असतो.

मशीनने भरला की ढीग नेहमी मागे नाहीतर एका कुशीला पडतो. फावड्याने पुढे ओढून सपाट करा, मग ताडपत्री. ताडपत्री नसेल तर मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यात तुमची कच जाते, आणि खडीचा एखादा दाणा काचेवर. ताडपत्री चारी कडांना बांधा. वर नुसती टाकून दोन दगड ठेवले म्हणजे बांधली असं नाही.

तात्या_गॅरेजवाले
आता उतरवायची युक्ती. माल भरायच्या आधी हौद्यात जुना जाड फ्लेक्स अंथरा, मागे फाळक्यावरून हातभर बाहेर राहील असा, वर फाळका लावा. निवडणुका झाल्या की फ्लेक्सला तोटा नाही, आणि नेत्याने लोकांच्या उपयोगी पडावं ही अपेक्षाही पुरी होते. घरी आल्यावर अर्धा माल फावड्याने काढायचा आणि उरलेला दोघांनी फ्लेक्स धरून ओढायचा. माती सुंदर घसरते. खडीला जोर लागतो. पूर्ण भरलेला ओढायला जाऊ नका, फ्लेक्स फाटतो नाहीतर पाठ धरते.

फाळका उघडताना समोर उभं राहायचं नाही. बाजूने एक खिटी, मग दुसऱ्या बाजूने दुसरी. चढावर गाडी लावली असेल तर सगळा माल फाळक्यावर रेललेला असतो. खिटी निघताच तो दणकन खाली येतो.

सड्यावरची
तात्या, फ्लेक्स मिळाला. कोणाचा ते सांगत नाही.

शेवटच्या चढाबद्दल कोणी सांगेल का? पावसाआधीची एखादी सर पडली की तिथे साबण होतो. भरलेली गाडी न्यावी की खाली उतरवून डोक्यावरून आणावं?

घाटमाथ्याचा_गडी
वल्ल्या लाल मातीत भरलेली गाडी चढवायची न्हाय. थेट सांगतो. चाक फिरलं की खड्डा, खड्डा पडला की गाडी आडवी. आन् रिकामी गाडी तर आणखी घसरत्या, कारण इंजिन पुढं आणि ओढ मागच्या चाकाला. मागं काय वजनच नसतंय. रिकामी न्यायचीच असल तर मागच्या चाकांवर मातीची चार पोती ठिवा.

वाळलेल्या रस्त्यावर खालनंच पहिल्या गिअरला लागा, मधी थांबू नका. थांबायची पाळी आलीच तर हँडब्रेकवर भरवसा नको, खाली उतरून चाकामागं दगड लावायला एक गडी बरोबर पायी चालवा. गाडीच्या मागनं न्हवं, बाजूनं.

ओव्हरसियर
सड्यावरची, आधी तुमची पहिली खडीची खेप त्या चढावरच टाका. आवारात नको. वळणाच्या जागी आणि चाकांच्या दोन चाकोऱ्यांत जाड खडी आणि वर मुरूम, पाणी बाजूला जाईल असा उतार ठेवून. पुढच्या सगळ्या खेपा सोप्या होतील आणि पावसाळ्यात घरी जाता येईल. रस्ता सामाईक असेल तर शेजाऱ्यांना विचारून घ्या, बहुतेक वर्गणी मिळते.

आणि डंपरचा प्रश्न राहिला. माझं मत असं: खडी आणि माती, जिथे दोन-तीन ब्रास एकदम लागणार, तिथे डंपर किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली बोलवा. पिकअपने दोन ब्रास खडी म्हणजे साडेआठ टन, म्हणजे पाच-सहा खेपा, प्रत्येक वेळी हाताने उतरवणं. डंपर एका दणक्यात ओततो. तो चढ चढत नसेल तर खाली वाटेवर ओतून घ्या आणि तिथून घरापर्यंत पिकअप वापरा. चिरे, फरशी, शेणखत, रोपं, जिथे माल निवडून आणि जपून आणायचा, ते पिकअपचं काम.

चिरेबंदी
हे मात्र लाख बोललात. आणि डंपरवाल्याला पास विचारायला विसरू नका, गाडी त्याची असली तरी अडकलेला माल तुमचा.

म्हापशेकर
खालच्या ढिगाऱ्यातून वर न्यायचं तर सुटी खडी भरू नका. सिमेंटच्या रिकाम्या गोणी जमवा, बांधकाम नुकतंच झालंय म्हणता तर असतीलच. सिमेंटची गोणी सव्वा घनफुटाची असते. खडीने भरली की पन्नास-पंचावन्न किलो. तीस गोण्या टाकल्या की सोळाशे किलो, काटा लागत नाही, मोजणी झाली. चढावर माल मागे सरकत नाही आणि गोणी थेट हवी तिथे ओतता येते. उचलायला जड वाटली तर पाऊणच भरा.

ओव्हरसियर
उत्तम. तरीही एकदा वजनकाट्यावर जाच. आधी रिकामी गाडी, मग तुमच्या खडूच्या रेघेपर्यंत भरलेली. जमलं तर फक्त मागची चाकं काट्यावर ठेवूनही वजन घ्या. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो.

सड्यावरची
काटा केला! रिकामी गाडी सांगाडा काढूनसुद्धा आरसीवरच्या आकड्यापेक्षा जड निघाली. हौद्यात तळाला आधीच्या मालकाने जाड पत्रा वेल्डिंग केलाय, तो असणार. म्हणून चिरे आता पंचेचाळीस. खाणीवरच्या माणसाने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं, पण वाळलेले चिरे वेगळे काढून दिले.

खडीचा डंपर ठरवलाय, खाली वाटेवर ओतणार, आणि चढाच्या चाकोऱ्या आधी. दोन शेजारी वर्गणीला तयार आहेत, तिसरे म्हणतात "बघू".

फरशीचं कोणी सांगितलं नाही. दोन बाय दोनची शहाबादी, इंचभर जाडीची.

तात्या_गॅरेजवाले
तिसरे खडी पडल्यावर सगळ्यांत आधी गाडी घालतील, बघा.

ओव्हरसियर
फरशी उभी आणायची, कधीही आडवी नाही. आडव्या थप्पीत खालच्या फरशीवर सगळा भार येतो आणि एका खड्ड्यात मधोमध चीर जाते. केबिनच्या भिंतीला जाड गोणपाट लावा, फरशा कडेवर उभ्या, किंचित पुढे झुकलेल्या, एकमेकींना चिकटून. दोन थप्प्यांमध्ये पेंढा. शेवटच्या फरशीला लाकडी फळी लावून आडवा दोर सांगाड्याच्या कड्यांना ताणून बांधा. सांगाडा काढलात तरी कड्या असतील. एक नग पंचवीस किलोच्या आसपास, तेव्हा पन्नासवर थांबा. दहा टक्के फूट धरूनच ऑर्डर द्या, कापण्यातही काही जातात.

रानमेवा
उशिरा आले. रोपांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. कलमं उघड्या हौद्यातून आणली तर तासाभराच्या वाऱ्याने कोवळी पालवी करपते. भरउन्हात आणू नका, वर शेडनेट बांधा, पिशव्या एकमेकींना टेकवून ठेवा आणि कलमाचा जोड ज्या बाजूला आहे ती बाजू कशावर आपटणार नाही असं बघा. चिऱ्यांच्या खेपेत "थोडी जागा आहे" म्हणून रोपं घालू नका. पंचेचाळीस चिऱ्यांनंतर जागा उरतेच, मोह होतो.

सड्यावरची
हो, नवऱ्याने नेमकं तेच सुचवलं होतं! रोपं शेवटी, पहिला पाऊस पडल्यावर वेगळी आणू. रानमेवा ताई, कलमांच्या खड्ड्यात लाल माती नि शेणखत किती प्रमाणात घालायचं?

रानमेवा
सड्यावर कातळ किती खोल आहे त्यावर आहे. खड्डा घेतलाय का? एक मीटर खोल जातोय की मध्येच पहार वाजतेय?